शिवलेला जमखाना
सुनेने आज माझा माहेरचा जमखाना, ती रंगीत सुती सतरंजी, उन्हात टाकला नि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर साठच्या दशकातली ती दुपार आठवली. अण्णांनी तो शिवाजीनगरच्या बाजारातून आणला, तेव्हा लाल नि निळा रंग जिथे भेटत तिथे बारीक फटी होत्या. उंदरांनी कुरतडलाय असं वाटून, मला बघायला पाहुणे येणार म्हणून आईने त्या सगळ्या शिवून टाकल्या. मुलाच्या आईंनी बसल्याबसल्या टाक्यांवरून बोट फिरवलं नि त्या हसून म्हणाल्या, "अक्का, फाटलेला नाही हो हा. लाल धागा आपल्या हद्दीवरून मागे वळतो, निळा आपल्या. वीणच तशी आहे. स्वल्प, जरा कात्री द्या." कॉफी निवत राहिली, दोघी टाके उसवत बसल्या. मग त्यांनी जमखाना खिडकीशी धरला आणि फटीफटीतून ऊन आत आलं. मुलाकडे मी अजून मान वर करून पाहिलंही नव्हतं, पण या घरात यायचं माझं तेव्हाच ठरलं.