पंगत अडवणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतक्या तब्येतीनं चावणारा माणूस तिरोड्यापासून इटियाडोहापर्यंत शोधून सापडायचा नाही. हे माझ्या थोरल्या मुलीचे सासरे. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच तऱ्हा, चावणारे आणि गिळणारे. सोयरीक जुळवायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पोह्यांच्या दुसऱ्याच घासाला त्यांनी मला गिळणाऱ्यांत टाकलं. "काऊन जी इवाई," सोयरीक ठरण्याआधीच मला व्याही करून ते म्हणाले, "पोहे पळून राहिले का?" लग्नाची बोलणी बाजूलाच राहिली आणि मी लाळेवर व्याख्यान ऐकलं. या माणसाचे किस्से मी पुढं इतक्या लग्नांत सांगितले, इतका मीठमसाला लावून सांगितले, की लोक आता त्यांना माझ्या किश्श्यांवरूनच ओळखतात. म्हणून आता जसं होतं तसं लिहितो. गंमत अशी की खरा माणूस माझ्या किश्श्यांपेक्षा भन्नाट आहे!

त्यांची धानाची शेती. धान वाळलं की नाही हे आमच्याकडे सगळेच दाणा दाताखाली धरून बघतात, पण व्याही तो दाणा अगदी कान देऊन ऐकतात. डोळे मिटतात, मान तिरपी करतात, 'कट्' आवाज आला की पोती भरायला सांगतात. दाणा नुसता चेपला की आणखी ऊन. गोंदियाचा व्यापारी आपलं ओल मोजायचं यंत्र खिशात ठेवून म्हणतो, "काकाजी का दाँत बोल दिया, तो बस!" या कौतुकानं ते असे फुलतात की त्या दिवशी घरी जेवायला आणखी वेळ लागतो.

दात असले म्हणजे चावता येतं, हे त्यांना मुळीच मान्य नाही. वरच्या दाताला खालचा जोडीदार भेटला पाहिजे. तोंडाला ओल पाहिजे. माणूस भांडून जेवायला बसलेला नको. आणि सगळ्यांत महत्त्वाची जीभ. "दात म्हंजे जातं. पन जात्यात दाने टाकनारा हात कोनता? जीभ! तो हात आळशी झाला तं जातं काय करंल जी?" माझ्या कवळीकडे बघून तर ते हळहळतात. "हे पाहुनी हाये तुमच्या तोंडात. घरची मानसं काम करते तशी पाहुनी कायले करंल?"

हे ज्ञान आधी नुसत्या गप्पांचं होतं. मग विहीणबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, पण जीभ आणि डावा गाल ऐकेना. सगळे दात शाबूत, तरी घास डाव्या गालात अडकून राहायचा. घाई केली की ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. हळूहळू जेवावं, तर सगळे उठून गेले तरी आपलंच ताट समोर, याची त्यांना भारी लाज. त्या चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून पेज पिऊ लागल्या. व्याह्यांनी एकच पण केला. ही पेज सुटली पाहिजे आणि बाईनं चारचौघींत बसून जेवलं पाहिजे!

त्या घराची मग तालीमच झाली. मऊ भात, मग चिन्नोर तांदळाचा मोकळा भात, मग दुधात भिजवलेली पोळी, मग कोरडी. परीक्षेची रीतही त्यांनीच काढली. एका घासात अर्धा पांढरा भात, अर्धा हळदीचा. चावायचा, गिळायचा नाही, पानावर काढून दाखवायचा. रंग जितका मिसळला तितके गुण. विहीणबाई लाजून तयार होईनात, म्हणून आधी माझी परीक्षा झाली. माझ्या घासात पिवळं एकीकडे, पांढरं एकीकडे. व्याही कडाडले, "नापास! याच्यापरीस कोंबडी बरी!" विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग परीक्षेला बसल्या.

एका सकाळी फोन आला. मला वाटलं, काही वाईट बातमी. व्याही ओरडत होते, "इवाई! पिवळं झालं, एकसारखं पिवळं! पांढरं शीत दिसत नाई!" मागून विहीणबाईंचा आवाज, "काय सांगता जी लोकाईले!"

त्यानंतर चोरखमाऱ्याकडच्या एका गावात त्यांच्या पुतण्याचं लग्न आलं. झटक्यानंतर विहीणबाई पहिल्यांदाच बायकांच्या पंगतीत बसल्या. समोर पुरुषांची पंगत, त्यांना दिसतील अशा जागी व्याही, शेजारी मी. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही. सगळ्यांचं झालं, वाढपी ताटकळले, दुसऱ्या पंगतीचे लोक मांडवाबाहेर कुरकुरू लागले. व्याही मात्र चावतच होते. मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, यांच्यासमोर तनस टाका! गुरावानी रवंथ करून राहिले इवाई!"

मांडव हसून लोटपोट झाला. हसता हसता माझी नजर त्यांच्या पत्रावळीवर गेली. ती केव्हाच साफ झाली होती. त्यांच्या तोंडात घास नव्हताच. ते रिकामं तोंड हलवत होते. ओठ न हलवता मला म्हणाले, "चूप बसा जी. ते तिकडं अजून जेवून राहिली." समोर विहीणबाई सावकाश, न ठसकता, वडा खात होत्या. सगळे यांच्याकडे बघत हसत होते, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो विनोद चालला, आणि चाललेला विनोद माझ्यानं सोडवत नाही. रवंथवाले व्याही म्हणून ते चार गावांत प्रसिद्ध झाले.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला गेलो. आम्ही तिघं एकत्र जेवायला बसलो. बाहेर दंडारीच्या खेळाचा ढोल सुरू झाला. विहीणबाईंचं ताट आमच्या आधी रिकामं झालं. हात धुऊन, नवं लुगडं सावरत त्या मला म्हणाल्या, "तुमी म्हनता ते खोटं नाई जी इवाई. रवंथच करते हे! उठा ना जी, दंडार सरून जाईल!"

त्या पंगतीतलं खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. व्याह्यांनी ताटाआडून माझं मनगट घट्ट दाबलं. मग घास हातातच धरून ते दाराकडे बघत राहिले. तिथं विहीणबाई चपला घालून उभ्या होत्या आणि उशीर होतो म्हणून त्यांच्यावर चिडत होत्या.