नवस तिचा, पाय माझे

आमची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली आणि सहा आठवडे हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत होती. तेव्हा बायको नवस बोलली होती, की पोरगी जगली तर पायी रोमला येईन. हे मला कळलं ते मुलगी युनिव्हर्सिटीत गेल्यावर. वेरिबी या आमच्या उपनगरातल्या घरात भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आता जायला हवं. पुढे पाय साथ देणार नाहीत."

मी चर्चमध्ये लग्नापुरता आणि अंत्यविधीपुरता जाणारा. तरी सोबत म्हणून रजा टाकली. चार महिने आम्ही नदीकाठच्या ट्रॅकवर चालायचा सराव केला. तो ट्रॅक सपाट आहे. इटलीतली वाट तशी नव्हती.

यात्रेकरूंच्या जुन्या वाटेने सिएना शहरातून निघालो; वाटेतल्या प्रत्येक गावी चर्चमध्ये यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. रोम दोन आठवड्यांच्या चालीवर. चौथ्या दिवशी एका उंच गावातून खाली उतरताना तिचा गुडघा गेला. रस्त्याने जाणाऱ्या एका शेतकरीण बाईने गाडीत घालून आम्हाला पुढच्या गावात सोडलं. डॉक्टरने महिनाभर चालायला मनाई केली.

खोलीवर गुडघ्यावर बर्फ धरून ती बसली होती. मी म्हणालो, "परत जाऊ."

"तू चाल."

"नवस तुझा आहे."

"मुलगी दोघांची आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन्ही सॅक घेऊन बसने पुढे जायची. मी चालायचो. संध्याकाळी ती त्या गावच्या चर्चच्या पायऱ्यांवर भेटायची आणि विचारायची, "आज काय बघितलंस?"

"काही नाही. शेतं."

"नीट सांग. मला तेवढंच चालणं मिळतंय."

मग मी तिच्यासाठी बघायला लागलो. अर्धा तास सोबत आलेलं कुत्रं. हेझलनटच्या बागांमधली लाल माती. तारेने बूट बांधून चालणारा एक म्हातारा डच माणूस, त्याने मला अर्धा पीच दिला. ती डोळे मिटून ऐकायची, मध्येच थांबवून विचारायची, "चढ होता की उतार?" चालताना मला एकदाही प्रार्थना सुचली नाही. पाय दुखले, भूक लागली, कधी कधी बरं वाटलं.

रोममध्ये यात्रेकरूंच्या कार्यालयात दोघांच्या पुस्तिका पुढे केल्या. प्रत्येक गावचे शिक्के तिच्याही पुस्तिकेत होते. क्लार्क तिचं प्रमाणपत्र लिहायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मी बसने आले." त्याने पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. माझा पूर्ण केला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "झाला का नवस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण आता छातीवर ओझं नाही."

तिला तिथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, ऐकायची होती. मीही आत गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. प्रवचन सुरू झाल्यावर मला झोप लागली. तिने उठवलं नाही.

परतल्यावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलीला नवसाचं अजून सांगितलेलं नाही. बाबा सुट्टीत बारीक झाले, एवढंच ती मैत्रिणींना सांगते.