मशीनचे पाय

रज्जाक मुलाणी कुणाच्या घरी कपडे धुण्याचं मशीन बघायला गेला, की पहिली दहा मिनिटं तो मशीनला हात लावत नाही. प्लग काढतो, पाण्याचा नळ बंद करतो आणि जागा मिळेल तिथं मांडी घालून बसतो. नवख्या माणसाला वाटतं, हा चहाची वाट बघतोय. चहाची तर तो बघतोच. पण त्या दहा मिनिटांत दोन कामं होतात. मशीनच्या पोटात उरलेली वीज उतरून जाते, आणि घरातली माणसं बोलायला लागतात.

"मशीन अर्धंच सांगतं," तो म्हणतो. "उरलेलं घरात असतं."

त्याचा बाप वडगाव मावळच्या बाजारात गोणपाट टाकून स्टोव्ह दुरुस्त करायचा. स्टोव्ह गेले, बाप गेला. रज्जाक मिक्सर-पंख्यांवर आला, आणि मावळात घरोघर ही मशिनं आली तेव्हा त्यांच्यावर. त्याला ते कुणी शिकवलं नाही. भुशी धरणाकडच्या एका बंगल्यातलं बंद मशीन त्यानं रखवालदाराकडून मागून आणलं, सगळं सुटं केलं, जोडलं, परत सुटं केलं. तिसऱ्यांदा जोडलं तेव्हा ते फिरलं, पण एक स्क्रू हातात उरला. तो कुठला, हे त्याला अजून कळलेलं नाही. स्क्रू त्याच्या पिशवीच्या आतल्या खणात असतो. कुणी फार कौतुक केलं, की तो हळूच त्याला बोट लावून घेतो.

दसऱ्याला आठ दिवस झाले असताना त्याला वराळ्याहून अनिताचा फोन आला. अनिता तिथल्याच एका कंपनीत मशीनवर काम करते. "चाचा, आमच्या मशीनचे दिवे नुसते लुकलुकतायत. कंपनीचा माणूस बघून गेला, बोर्ड गेला म्हणाला, वॉरंटीत बसत नाही, नव्याला लय पैसे पडतील. आमच्या ह्यांनी भंगारवाल्याला सांगितलंय, संध्याकाळी पाचला टेम्पो येतोय. त्याच्या आत तुमी एकदा बघा. मी ड्यूटीवर आहे, आत्या घरात आहेत."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, मुक्ताबाई.

मुक्ताबाईंनी तीस वर्षं बंगल्यांच्या चादरी धुतल्या. थंड पाणी बोटांच्या पेरांत जाऊन बसलं आणि पेरं गाठीसारखी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाण्यात हात नको. मागच्या दिवाळीत अनितानं पहिल्या बोनसचं हे मशीन आणलं, घरात ठेवलं आणि सासूला बजावलं, "आत्या, ह्याच्यावर पाण्याचा थेंब सांडायचा न्हाई. हळदकुंकू, नारळ, काय म्हंजे काय नको. आत करंट असतोय." मुक्ताबाईंनी मान हलवली होती.

पण दसरा आला. अनिता कामावर. मुक्ताबाईंनी पाटावर विळा मांडला, कोयता मांडला, पहार टेकवली आणि शेवटी आपलं धोपाटणं ठेवलं. कपडे बडवायचं ते बाभळीचं लाकूड, मुठीपाशी झिजून बारीक झालेलं. फुलं वाहताना त्यांची नजर मशीनकडं गेली. वर्षभर राबतंय ते, आणि त्याला एक फूल नाही? त्यांनी झेंडूची माळ मशीनवर घातली. पुढच्या बाजूला कुंकवाची पाच बोटं उमटवली. आणि हात सवयीनं पुढं गेला. कोयत्याच्या पाठीनं नारळ मशीनच्या डोक्यावरच फुटला. पाणी बटणांवरून ओघळलं. पदरानं त्यांनी सगळं टिपून घेतलं, अनिता यायच्या आत माळही काढली.

तीन दिवस मशीन चाललं. चौथ्या दिवशी दिवे लुकलुकायला लागले, आणि मुक्ताबाई पेचात पडल्या. खरं सांगावं, तर सून म्हणेल, एवढी एक गोष्ट सांगितली होती. न सांगावं, तर तिच्या बोनसचं मशीन भंगारात जातंय.

रज्जाक दोनच्या सुमारास आला. वाटेवर भात पिवळा पडला होता आणि इंद्रायणी तांदळाचा वास अंगाला चिकटला होता. त्यानं प्लग काढला आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी बसला. चहा आला.

"मावशी, कधीपास्नं असं?"

"चार दिस झालं."

"त्याच्या आधी काय झालतं? लाईट गेलती? उंदीर-बिंदीर?"

"उंदीर!" मुक्ताबाईंना आधार सापडला. "लय उंदीर हायत या घरात."

रज्जाकनं कोपऱ्यातल्या तांदळाच्या गोणीकडं पाहिलं. गोणीला एक भोक नव्हतं.

"पाणी-बिणी सांडलं?"

"न्हाई."

"कापडं कुटं धुताय मग?"

"शेजारी. कस्तुराबाईच्या मशीनमदी."

मोरीत धोपाटणं भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्या खालच्या टोकाशी ओल होती. रज्जाकनं ती पाहिली आणि चहा संपवला.

दहा मिनिटांनी त्यानं प्लग लावला. चालू करायचं बटण दाबून धरलं, मनात आकडे मोजले, सोडलं. झाकण सहा वेळा उघडमीट केलं. अशानं बरीच मशिनं जुनं विसरून पहिल्यापासून सुरू होतात. हे झालं नाही. सगळे दिवे तसेच लुकलुकत राहिले.

"मेलं का वो?" मुक्ताबाईंचा आवाज लहान झाला होता.

"मेलेलं असं डोळं मिचकावत न्हाई, मावशी. ह्याला वाटतंय, कुणीतरी ह्याच्या बटणावर बोट दाबून ठिवलंय. ते बोट उचलायची वाट बघतंय बिचारं. तवर दुसरं काय ऐकणार न्हाई."

"कुणाचं बोट?" म्हणत मुक्ताबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

रज्जाक मुंग्या बघत होता. बारीक लाल मुंग्यांची एक रांग खिडकीतून नळीवर, नळीवरून झाकणावर आणि तिथून नेमकी त्या बटणाच्या फटीत उतरत होती. साबणाच्या मशीनवर मुंग्यांचं काय काम? त्यानं परत प्लग काढला, वरची पट्टी स्क्रू काढून उलटी केली. बटणाच्या खाली तपकिरी चिकट थर वाळला होता. थरात कुंकू होतं, आणि झेंडूची एक पाकळी.

तो वळला नाही. पट्टीकडं बघतच बोलला.

"आमचा बाप दसऱ्याला पाना, हातोडी, स्टोव्हच्या पिना, सगळं पाटावर मांडायचा. शेजारचे हौशीराम आबा नारळ आणून द्यायचे. बाप म्हणायचा, ज्याच्यावर पोट भरतं त्याला सलाम केल्याबिगर सण कसला."

मुक्ताबाई दोन पावलं पुढं आल्या.

"त्यो नारळ कुटं फोडायचा तुमचा बाप?"

"दारात. दगडावर."

"मी ह्याच्या डोस्क्यावर फोडला, रज्जाकभाऊ."

रज्जाकचे खांदे हलले. तो हसत होता. "तरीच म्हणलं, या मुंग्या कुणाच्या लग्नाला चालल्यात!"

मुक्ताबाईंना हसू आलं नाही. "अनिताला सांगू नका. लय जीव लावती ती पोरगी. तिनं एवढं एकच सांगितलं हुतं. तुमी उंदीर सांगा."

"उंदीर कसा सांगू, मावशी? उंदीर वायर खातो, कुंकू लावत न्हाई." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी काय बोलत न्हाई. तिनं इचारलं, तर तुमच्याकडं बघीन. तेवढंच."

कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं त्यानं चिकटा भिजवला, जुन्या दातांच्या ब्रशनं स्पिरिट लावून फटी साफ केल्या, पट्टी दारातल्या उन्हात सुकत ठेवली. घाई केली नाही. टेम्पो पाचला येणार होता. ऊन आपल्या वेगानं सुकवत होतं. मुक्ताबाई पट्टीशेजारी बसून मुंग्या हाकलत राहिल्या.

जोडल्यावर बटण टक्‌ करून खाली गेलं आणि टक्‌ करून वर आलं. एक दिवा लागला. एकच, शांत. नळीतून पाणी आत पडायला लागलं.

त्याच वेळी अनिता दारात आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. पाण्याचा आवाज ऐकून तिनं आधी नवऱ्याला फोन लावला, "अहो, टेम्पो नको म्हणून सांगा," आणि मग विचारलं, "चाचा, काय झालतं ह्याला?"

रज्जाकनं मुक्ताबाईंकडं पाहिलं.

"नारळ झालता," मुक्ताबाई म्हणाल्या.

"काय?"

"दसऱ्याला मी ह्याच्यावर नारळ फोडला. कुंकू लावलं. तू नको म्हणलीवतीस. चार दिस तुला सांगीन सांगीन म्हणत हुते, तोंड उघडंना."

अनितानं पिशवी खाली ठेवली. "आत्या, आमच्या कंपनीतबी झाली की पूजा. माझ्या मशीनला मीच हार घातला. सायबांनी पेढे वाटले."

"मग घरच्यानं तुझं काय घोडं मारलं हुतं?"

अनिताचं लक्ष सासूच्या हातांवर गेलं होतं. पदरातून बाहेर आलेली बोटं लाल होऊन सुजली होती.

"आत्या, चार दिस कापडं कुणी धुतली?"

मुक्ताबाईंनी बोटं परत पदराखाली ओढली.

"कस्तुराबाईच्या मशीनमदी म्हणला हुता तुमी."

"मी मोडलं हुतं ना," मुक्ताबाई म्हणाल्या. "मग धुवायची कुणी?"

अनितानं ते हात आपल्या हातांत घेतले आणि धरून ठेवले. रज्जाक उगाच मशीनखाली वाकला आणि एक पाय किंचित फिरवून मशीन सरळ करायला लागला. ते आधीच सरळ होतं.

"रज्जाकभाऊ," जरा वेळानं मुक्ताबाईंनी विचारलं, "ह्याच्या पाया पडायचं, तर कुटं पडायचं?"

"हितं." त्यानं खालचे चार रबरी पाय दाखवले. "हितं कुंकू लावा, हळद लावा. ह्याला त्याची बाधा न्हाई."

अनितानं करंडा आणला. मुक्ताबाईंचे गुडघे वाकेनात, म्हणून तीच खाली बसली आणि पुढच्या दोन्ही पायांना बोट लावलं. उठताना मोरीतलं ओलं धोपाटणं तिच्या हाताला लागलं. ते तिनं उचललं. "हे आता माळ्यावर टाकते. परत तुमच्या हातात दिसाया नको."

"धुवायची न्हाई मी त्यानं," मुक्ताबाई म्हणाल्या. "पर माळ्यावर नको टाकू. मशीनच्या शेजारी उभं कर. त्याचं थोरलं भावंड हाय ते."