एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये बोलत होते. स्क्रीनवर वहिनींचं नाव दिसलं आणि मी फोन कापला. दहा मिनिटांनी करू, असं मनात म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे वहिनी नव्हत्याच, दादाच्या टायरच्या दुकानाशेजारचा हॉटेलवाला बोलत होता. "ताई, भिवाअण्णा दुकानात बसल्या बसल्याच गेले." त्याला आता सहा आठवडे झाले. लोक भेटतात, वय काय होतं विचारतात. एकावन्न. त्यापुढे मला काही सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर मेंढरंवाल्यांचं, पौडच्या पुढच्या एका वाडीतलं. मेंढरांमागे जायचं नाही हे दादाने लवकर ठरवलं, आयटीआय केलं आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात लागला. कारखाना बंद पडल्यावर त्याने पौड रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान टाकलं; गिऱ्हाईक बहुतेक ट्रक-टेम्पोवाले. मी तेव्हा कॉलेजात होते. बसची वाट बघायला त्याच्या दुकानात टेकायचे, आणि तिथे तो मला टायर वाचायला शिकवायचा. वाचायला हा त्याचाच शब्द. टायरच्या कडेवर बोट ठेवून म्हणायचा, "हे एकशे पंच्याऐंशी हाय ना, ती रुंदी, मिलिमीटरात. पुढचं पासष्ट म्हंजे त्या रुंदीच्या पासष्ट टक्के कडंची उंची. आर म्हंजे रेडियल, आन पंधरा म्हंजे रिम किती इंचाची." त्याच्या पुढचा अठ्ठ्याऐंशी हा आकडा लोक बघतच नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटे. त्या आकड्यावरून एका टायरने किती वजन पेलायचं ते कळतं. अठ्ठ्याऐंशी म्हणजे पाचशे साठ किलो. हे कोष्टक त्याला तोंडपाठ होतं.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, अमरावतीच्या नितीनशी लग्न केलं आणि बावधनला राहायला आले. दादाचं दुकान माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होतं, तरी माझी फेरी हळूहळू दिवाळी आणि राखीपुरती उरली. तीन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. गाडीसोबत आलेली चाकं नितीनला किरकोळ वाटत होती. सोळा इंचाच्या अलॉय रिम आणि रुंद टायर टाकायचे असं त्याने मनावर घेतलं आणि घराजवळच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात दिवस ठरवला. दादालाही त्यानेच बोलावलं, अगदी मनापासून. म्हणाला, घरात माहीतगार माणूस असताना आपण एकटे कशाला जायचं?

दादा आला तो दुकानातल्या कपड्यांवरच. हात धुतलेले होते, पण काळं कुठे पुरतं निघतं... चकचकीत फरशीवर तो उकिडवा बसला, नव्या टायरच्या कडेवरून बोट फिरवलं, खिशातून टेप काढून जुनं चाक मोजलं, मग नवं मोजलं. काउंटरवरचा तरुण आपल्या सोबत्याकडे बघून किंचित हसला. ते हसू मी पाहिलं. दादा शांतपणे सांगू लागला की, हा टायर दोनशे पाच, साठ, सोळा आहे, म्हणजे चाक जुन्यापेक्षा तीन सेंटिमीटरने मोठं होतंय. सोळाची रिम हवीच असेल तर कड कमी करावी लागते, एकशे पंच्याण्णव, पंचावन्न घ्या, म्हणजे एकूण उंची जवळपास तेवढीच राहील. ही रिम बाहेरही जास्त येतेय. गाडी भरली आणि चाक वळलं की टायर मडगार्डला लागणार, आणि काट्यावर ऐंशी दिसेल तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीने पळत असेल. काउंटरवरचा तरुण म्हणाला, आम्ही रोज बसवतो, काही होत नाही. दादाने पुन्हा टेप उघडला. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली होती. आणि मी म्हणाले, "दादा, तुझं ट्रकचं गणित इथं नको. तू बाहेर थांब."

तो उठला, टेप खिशात ठेवला आणि बाहेर गेला. नितीनने माझ्याकडे पाहिलं, पण मी मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. चाकं बसेपर्यंत तासभर लागला. तेवढा वेळ दादा उन्हात आपल्या टेम्पोपाशी उभा होता. निघताना त्याने फक्त जुनी चार चाकं मागितली. "असू दे माझ्याकडं," एवढंच म्हणाला. विकायला हवी असतील, असं मला वाटलं. मी खरंच तसं मानलं...

दोन महिन्यांनी वाडीच्या जत्रेला निघालो. गाडीत आम्ही दोघं, आमचा मुलगा, आमच्याकडे राहायला आलेली माझी आई, आणि मागे सामान. पौड ओलांडल्यावर प्रत्येक वळणावर घासल्याचा आवाज यायला लागला. मग रबर जळल्याचा वास आला, स्टिअरिंग थरथरलं आणि एका उतारावर गाडी डावीकडे ओढली गेली. नितीनने ती कशीबशी कडेला घेतली. उतरून पाहिलं तर पुढच्या टायरचा खांदा, म्हणजे कडेचा वरचा भाग, वीतभर फाटला होता आणि दोन पावलांवर नाला होता. आई नातवाचा हात धरून बसून राहिली. दादाला फोन नितीननेच केला, माझ्याने झाला नाही.

दादा टेम्पो घेऊन आला. मागे आमची जुनी चारही चाकं होती, हवा भरून तयार, आणि एका डब्यात त्यांचे नट. अलॉयचे नट या रिमला बसत नाहीत, म्हणून तेही त्याने जपून ठेवले होते. रस्त्याच्या कडेला जॅक लावून त्याने एकेक चाक बदललं, नट नेहमीसारखे समोरासमोरचे आवळले. नितीन पाना देत होता. म्हणाला, "दादा, चुकलंच आमचं." दादा मान वर न करता म्हणाला, "चुकायचं काय त्यात दाजी? आकडं हायेत, बघितलं की कळत्यात." मी चार पावलांवर उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नवऱ्याला जमलं ते मला बहीण असून जमलं नाही. एकटं गाठून बोलू, असं ठरवलं. मग राखी गेली, दिवाळी गेली, आणखी दोन वर्षं तशीच गेली. तो माझ्या टायरची हवा तपासायचा, मी गाडीत बसून राहायचे, आणि दरवेळी वाटायचं, आज नको.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी दुकानात गेले. वहिनींनी शटर उघडलं होतं. म्हणाल्या, पंक्चर काढायला येतं मला, हवा भरायला येती, आकडं तेवढं शिकवा. मग मी एक जुना टायर उभा केला आणि त्यांचं बोट त्याच्या कडेवर ठेवलं. रुंदी, उंचीचे टक्के, रिम, वजन... मधेच त्या थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "वन्सं, त्या बावधनच्या मोठ्या दुकानात तुमी त्येंना आत नेऊन समदं इचारलं म्हणं. लई अभिमानानं सांगायचे हे. म्हणायचे, एवढी शिकलेली माझी बहीण, पर माझ्याबिगर टायर घेतला न्हाई."

मी हो म्हणाले. मला वाटलेली त्याची लाज त्याने घरापर्यंत येऊ दिली नव्हती. माझ्या वाटणीचं खोटं तो जवळजवळ तीन वर्षं बोलत राहिला, आणि तो गेल्यावर त्याच खोट्याला मी मान डोलावली.

हा लेख छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवायचा असं ठरवलं होतं, आणि परवा दाखवला. "तू बाहेर थांब" ही ओळसुद्धा वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "त्येंनी का झाकलं आसंल, ते तुमाला ठावं. पर आता लिवलंय तर राहू द्या." राग होता की नाही, मला कळलं नाही. विचारायचा मला हक्कही नाही.

दुकानाला त्यांनी नवा रंग दिला आहे. कॉम्प्रेसरशेजारच्या भिंतीचा एक तुकडा मात्र सोडला आहे. दादा तिथे स्टूल टाकून टेकून बसायचा, त्याच्या पाठीचा तेलकट, काळसर डाग तिथे उमटलाय. स्टूल अजून तिथेच आहे. रविवारी मी जाते तेव्हा गिऱ्हाईक, वहिनी, मी, सगळे उभे असतो, आणि त्यावर कोणी बसत नाही.