आतोबांचं आपोआप

हुबळी-धारवाडात लग्न लावतात भटजी, पण ते पूर्ण होतं आमच्या आतोबांच्या हातून, असं आतोबांचं ठाम मत आहे. माझ्या आत्याचे यजमान म्हणून तीस वर्षं मी त्यांना ओळखते, त्यामुळे सांगते, मऊ मत त्यांच्याकडे मिळतच नाही. सप्तापुरात घराला लागूनच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे आणि तिथं ते लग्नांचे व्हिडिओ जोडतात. रुसलेले व्याही, जांभई देणारा नवरदेव, पिशवीत लाडू भरणाऱ्या मावशी, सगळं कापून ते असं लग्न तयार करतात की खुद्द लग्नघरच्यांना वाटावं, अरेच्चा, आपण इतके चांगले आहोत होय. एक मावशी मात्र कापायच्या राहून गेल्या होत्या. त्या घराकडून आतोबांना पुढं तीन वर्षं काम मिळालं नाही, आणि ते बरोबरच होतं असं आतोबा अजून म्हणतात.

पूर्वी त्यांचं हे काम म्हणजे आत्याच्या जिवाला घोर होता. सगळी जोडाजोडी झाली की शेवटी एक बटण दाबायचं, मग संगणक तीन-चार तास दळत बसतो आणि पूर्ण फिल्म बाहेर काढतो. तेवढा वेळ पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते. आतोबा समोर खुर्ची टाकून ती पट्टी बघत बसायचे, दूध उतू जाईल म्हणून बाई चुलीपुढं उभी राहते तसे. आत्या म्हणायची, "अहो, जेवून घ्या, ती काय पळून जातेय?" एकदा तिचं ऐकून ते भात कालवायला उठले आणि नेमकी वीज गेली. पट्टी अठ्ठ्याण्णवावर होती. तेव्हापासून वीज जाते ती आपण जेवायला उठल्यामुळं, अशी त्यांची खात्री झाली आणि ताट वर खोलीत जाऊ लागलं.

शेवटी आत्या वैतागली. "आता तुमच्या वरातीला मी भाकरी घेऊन जिना चढणार नाही," म्हणाली. मग आमच्या या माणसानं एकोणसाठाव्या वर्षी संगणकाला आज्ञा लिहायला शिकायचं मनावर घेतलं. मोबाइलवर कुणाकुणाचे धडे बघून, शाळेची दोनशे पानी वही घेऊन, मराठीत लिहीत आणि कन्नडात शिव्या घालत चार महिन्यांत त्यांनी सगळं 'आपोआप' करून टाकलं. कॅमेऱ्यातलं कार्ड नुसतं खोचायचं. संगणक आपण होऊन त्याच्या तीन प्रती काढतो आणि कामाच्या प्रतीतला कचराही वेचून टाकतो. जोडलेलं लग्न 'स्टँड' नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे जणू बसस्टँडवर, ठेवलं की पुढचं त्याचं तो बघतो. फिल्म बनवतो, इंटरनेटवर चढवतो, गिऱ्हाइकाला निरोप धाडतो आणि शेवटी आतोबांच्याच आवाजात खोलीभर ओरडतो, "मुट्टेन्री." म्हणजे पोचलो हो. आपल्याकडं परगावी गेलेला माणूस पोचल्यावर फोन करून असंच सांगतो ना, तसं.

आता तरी आतोबा जेवायला खाली येतील असं आम्हाला वाटलं होतं. कसचं काय. ते अजून तिथंच खुर्ची टाकून बसतात. मी विचारलं, तर माझीच कीव करत म्हणाले, "अगं, आपोआप होतंय की नाही ते कुणी बघायचं?" एकदा मात्र आत्यानं फारच हाका मारल्या म्हणून खरंच जेवायला गेले. आत्यानं मोबाइलवर पाठवलेली किराणा सामानाची यादी त्या गडबडीत स्टँडमध्ये पडली आणि हुबळीच्या एका कापडवाल्याच्या घरी, मुलाच्या लग्नाबरोबर, रीतसर पोचली. तो गृहस्थ मोठा सज्जन. संध्याकाळी तूरडाळीसकट सगळं सामान त्याच्या माणसाबरोबर घरी आलं, वर निरोप होता की व्हिडिओ फार छान झालाय.

तीन प्रतींचंही त्यांचं शास्त्र आहे. एक खोलीत, एक घरात आणि एक परगावी. हे परगाव म्हणजे मी. नवनगरला माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात लोकांची लग्नं पुरून ठेवलेली असतात, कारण तांदळात दमट होत नाही म्हणे. दर बुधवारी आतोबा बसनं येतात, एक डिस्क काढून घेतात, दुसरी पुरतात आणि चहा पिऊन जातात. पाहुण्यांसमोर मी तांदूळ मापायला घेतले की वाटीला काहीतरी खट्ट लागतं, आणि मग मला सगळी कथा सांगावी लागते. यातली एक डिस्क गेले चौदा महिने हललेली नव्हती. ती वैजूच्या लग्नाची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या.

वैजू लग्न होऊन जर्मनीला गेली. परक्यांच्या मुलींच्या फिल्म चार दिवसांत पोचवणाऱ्या बापानं तिची फिल्म चौदा महिने झाले तरी दिली नव्हती. ती दर रविवारी विचारायची आणि आतोबा सांगायचे, "चाललंय, चाललंय." आधी ती हसायची. मागच्या महिन्यात तिनं मला फोन केला आणि सरळ रडली. "अक्का, माझंच लग्न अप्पांना नकोसं झालंय का? मी लांब गेले म्हणून राग आहे का त्यांना?" दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी सप्तापूर गाठलं.

जिना चढले तेव्हा आतोबा एकटेच बसले होते आणि पडद्यावर वैजू होती. रायापूरच्या कार्यालयाबाहेर गाडी उभी, हिरवा शालू, डोळे सुजलेले. तिनं आतोबांच्याच हातातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "जाते, अप्पा." आतोबांनी ते मागं नेलं. "जाते, अप्पा." पुन्हा मागं नेलं. बाकीची दोन तासांची फिल्म केव्हाच तयार होती. पण तिचं नाव 'शेवट', मग 'शेवट पक्का', मग 'शेवट आता खरा' असं वाढत वाढत एकेचाळिसावर गेलं होतं आणि स्टँडवर काही ती जात नव्हती.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "घरातून निघताना पोरीनं जाते म्हणायचं असतं? येते म्हणतात. कानडी माणूससुद्धा होगि बर्तेनि म्हणतो, जाऊन येते. हे असं कसं पाठवू मी? आणि कापावं तर पोर काही न बोलता गेली असं होतंय." शेजारच्या काकूंना ती "येते हं" म्हणाली होती, तो आवाज इथं चिकटवायचाही प्रयत्न झाला होता, पण ओठ जुळेनात. मी हसू आवरलं. मी म्हटलं, "आतोबा, तिकडं ती समजतेय की तुम्ही तिच्यावर रागावलाय." त्यांचा चेहरा एकदम पडला. "मी? तिच्यावर?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन वर आली. तिनं आमचं बोलणं ऐकलं, कपबशा ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, "म्हटलं की तिनं येते. मीच म्हणायला लावलं. तुम्ही कॅमेरा खाली केला होता तेव्हा."

आतोबा ताडकन उठले. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला नंतर कळलं. कार्डातलं दहा सेकंदांखालचं जे काही असेल ते कामाच्या प्रतीतून आपोआप वगळायचं, ही आज्ञा त्यांनीच लिहिली होती, कारण इतक्या छोट्या तुकड्यात सहसा जमीन आणि चपलाच असतात. आणि काम आपोआप होतंय म्हटल्यावर ही आज्ञाही ते विसरून गेले होते. घरातली डिस्क पावसाळ्यात दमट होऊन बिघडली होती, त्यामुळं अख्खं, न वेचलेलं कार्ड आता फक्त माझ्या तांदळाच्या डब्यात होतं. आम्ही दोघं मिळेल ती बस धरून नवनगरला गेलो आणि तसेच परत आलो. डिस्क वाटभर त्यांनी सदऱ्याच्या आत धरून ठेवली होती.

तो तुकडा सापडला. आठ सेकंदांचा, कॅमेरा खाली करताना बटण चुकून पुन्हा दाबलं गेलं तेव्हाचा. चित्रात नुसती फरशी, अक्षता आणि कुणाच्या तरी कोल्हापुरी चपला. आवाज मात्र स्वच्छ होता. आत्या म्हणते, "येते म्हणावं बाळ." आणि वैजू म्हणते, "येते. येते मी. अप्पा, आता तो कॅमेरा ठेवा की खाली." मग अंधार.

"पुढं काय झालं?" आतोबांनी विचारलं.

"पुढं तुम्ही तिला पोटाशी धरलंत," आत्या म्हणाली. "दहा मिनिटं गाडी खोळंबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता."

"मला कसं आठवत नाही?"

"रडत होता तुम्ही. कसं आठवेल?"

आतोबांनी त्या आठ सेकंदांना हातसुद्धा लावला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फिल्ममधून असली थरथरती जमीन कापणाऱ्या माणसानं ती जशीच्या तशी शेवटी जोडली, फिल्म स्टँडमध्ये ठेवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते आपण होऊन खाली घरी जेवायला आले. दोनदा वाढून घेतलं. मी राहिलेच तिथं.

रात्री उशिरा वैजूचा फोन आला. आतोबांना तो आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवायची सवय आहे, म्हणून मीही ऐकलं. दोन तासांच्या फिल्मबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "अप्पा, शेवटी नुसती फरशी दिसते. पण मला सगळं दिसलं."

आतोबा घसा खाकरून म्हणाले, "आवाज बरा आला का?"

"आला, अप्पा."

मग आतोबांनी पहिल्यांदाच आवाज लहान केला आणि फोन कानाला लावून जिना चढले.