चार कड्यांची घट

बायकोच्या धाकट्या भावाशी मी बोलत नाही. लोक विचारतात, एका घड्याळापायी? हो, एका घड्याळापायी.

घड्याळ जुनं, विलायती, पोलादाचं. एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या रोलिंग मिलचं भंगार मी उचललं, तेव्हा मालकाच्या मुलानं ते खणातून काढलं. "सोनं न्हाई यात, काका. नुसतं स्टील." मी चेहरा कोरा ठेवला. पट्टा घड्याळाला जोडलेला नव्हता, त्याच्यातूनच निघाला होता. कडीमागून कडी मनगटाभोवती पाण्यासारखी वळायची. हातगाडीपासून सुरुवात करून मी जन्मभर लोखंड तोललं, पण पोलादाला कोणी इतकं जपून घासलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्या भंगारावर ते वरकड मागून घेतलं.

त्याला सेल नाही. हात हलेल तसं ते चालायचं. सहा वर्षं माझ्या हातावर चाललं. वजनकाट्यावर हात ठेवला की समोरचा व्यापारी आधी घड्याळाकडे पाहायचा, मग भाव बोलायचा.

मेव्हणा माझ्याच गोदामात कामाला होता. त्यानं ते जाफराबादच्या एका लग्नासाठी मागितलं. बायको मध्ये पडली म्हणून दिलं. आठ दिवसांनी परत आलं, तर माझ्या मनगटावर मिटेना.

"लई सैल होत होतं, दाजी. चार कड्या काढल्या."

"कुठं हायेत?"

"आपल्याच गोदामात, टेबलावर ठेवल्या होत्या. झाडून घेतलं असंल कोणी."

झाडलेलं सगळं ढिगात जातं, ढीग ट्रकमध्ये, ट्रक सळयांच्या कारखान्यातल्या भट्टीवर. ट्रक तीन दिवसांपूर्वीच गेला होता.

"मंग गेल्या असतील सळईत," तो हसला. "स्टीलच तर होतं."

मी त्याला गोदामातून हाकललं.

जालन्याच्या घड्याळजीनं हात जोडले. मुंबईच्या दुकानदारानं फोटो पाहून सांगितलं, या कड्या आता बनत नाहीत; चामड्याचा पट्टाही बसणार नाही, अडकवायला जागाच नाही. घड्याळ कपाटात गेलं आणि बंद पडलं.

महिन्याभरानं मेव्हणा घरी आला. बहिणीच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "दाजी, तसंबी तुम्हाला ते बसत न्हाई. मला द्या. मला बराबर बसतं. फक्त चार कड्यांची घट धरावी लागंल."

घट! तो माझा शब्द. गंज, माती, ग्रीस यांच्या नावानं मालाचं वजन कापायचं, हे त्याला काट्यावर उभं करून मीच शिकवलं. आधी मालात खोट काढायची, मग माल मागायचा, हेही मीच. कड्या त्यानं मुद्दाम काढल्या की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण खोट पडली आणि गिऱ्हाईक तोच.

"कप ठेव खाली अन् निघ," मी म्हणालो.

"अहो, पडून राहण्यापेक्षा..." बायको दारातून बोलली.

"पडू दे!"

रोज सकाळी मी ते मुठीत धरून हलवतो. काटा निघतो. दुपारी थांबला की पुन्हा हलवतो. हात दुखतो. त्याच्या मनगटावर मात्र ते एक मिनिटही चालणार नाही.