क्वार्टरमध्ये पाणी कधी येतं?

आमच्या शाळेच्या चेअरमन नानांकडून खडूची नवी पेटी हवी असेल, तर आधी जुन्या खडूंचे तुकडे दाखवावे लागत. बोटात धरताही येणार नाहीत एवढेसे तुकडे. ते नीट निरखून झाले की मग नाना कपाटाला किल्ली लावत. अशा माणसाने एका सकाळी आमच्या दारात जीप उभी केली आणि ‘निवडणूक होईपर्यंत ही तुमची, सर’ असं म्हटलं, तेव्हा यात काहीतरी आहे हे मी ओळखलं. शेजारणी जीप बघायला ओट्यावर जमल्या होत्या. मी दार लोटून आत गेले.

पण जीप नंतरची. त्याआधी भरीत झालं.

माझे यजमान त्या शाळेचे हेडमास्तर. एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवरचं गाव, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली सगळी पोरं याच शाळेत येणारी. सगळा गाव त्यांना सर म्हणायचा, म्हणून घरात मीही सरच म्हणायचे. शाळेच्या मागे हेडमास्तरांचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, मोरी आणि परसात मी लावलेलं शेवग्याचं झाड. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. गाडीतून उतरताना सामानावरची नजर हलवायची नाही, एवढं एकच शिक्षण वडिलांनी मला मन लावून दिलं होतं. दूधवाल्याच्या मापापासून पाहुण्यांच्या गोड बोलण्यापर्यंत मी सगळं दोनदा बघून घ्यायचे. सर हसायचे. त्यांचा स्वभाव बरोबर उलटा. गृहपाठ विसरलेल्या पोराने आजी आजारी होती म्हटलं, की हे त्या आजीला बघायला जाणार.

नव्वदच्या सुमाराची ती विधानसभेची निवडणूक. थंडी सरत आली होती. नानांनी मळ्यात भरीत पार्टी ठेवली आणि सगळ्या शिक्षकांना सहकुटुंब बोलावलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, पुऱ्यांचा घाणा चालला होता. जेवणं व्हायच्या आत नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘या तालुक्याला शिकलेला, निष्कलंक आमदार पाहिजे. मी म्हणतो, आपल्या सरांनी उभं राहावं.’ सगळ्यांचे हात वर गेले. वांगी ठेचणाऱ्याचासुद्धा. सरांचा चेहरा मी लांबून बघत होते. पहिला नंबर आलेल्या मुलासारखा तो फुलला होता, आणि मला त्यांची इतकी काळजी वाटली की हातातली पुरी हातातच राहिली.

आम्ही बायका विहिरीच्या बाजूला बसलो होतो. नानांची लेक माझ्या शेजारी सरकली. ती धुळ्याला दिलेली, तिचा नवरा तिकडच्या एका शाळेत शिक्षक. आजवर ती माझ्याशी धड दोन शब्द बोललेली नव्हती. आज पानात भरीत वाढून म्हणाली, ‘काकू, तुमच्या क्वार्टरमध्ये पाणी कधी येतं हो?’

‘सकाळी. का गं?’

‘सहज. आणि मोरी पुरते का? कपडे धुवायला?’

दुसऱ्याच्या मोरीची चौकशी कोणी सहज करत नाही. मी पान बाजूला सरकवलं.

घरी येताच मी सरांना सांगितलं. ‘नानांना जावई इथं आणायचाय. तुमच्या खुर्चीवर.’ सर चपला काढता काढता थांबले. म्हणाले, ‘पाण्याची वेळ विचारली म्हणून? तू फार लांबचं बघतेस.’ मी म्हटलं, ‘मी मोरीपुरतंच बघतेय.’ त्यावर ते हसले आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

मग जीप आली आणि जीपच्या मागोमाग राजीनाम्याचं बोलणं आलं. नाना आमच्या खुर्चीत बसून माझ्या हातचा चहा घेत म्हणाले, ‘सर, नुसती रजा टाकली तर लोक म्हणतील, दोन्ही दगडांवर पाय आहेत. राजीनामा द्या. त्याग दिसला पाहिजे. आणि समजा पडलात, तर मी बसलोय ना? खुर्ची कुठं पळून जाते?’ मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, ‘नाना, परत घेणारच असाल तर रजेवरच राहू द्या की.’ नाना प्रेमाने हसले. ‘वहिनी, राजकारणातलं तुम्हाला नाही कळायचं.’ मला राजकारणातलं कळत नव्हतं हे खरंच. पण खडूचे तुकडे मोजणारा माणूस त्याग शिकवतो, यातलं मला कळत होतं. राहतं घर त्या खुर्चीबरोबर मिळालेलं होतं, आणि खुर्चीबरोबरच जाणार होतं. सरांनी माझ्याकडे न बघता राजीनामा दिला. मला राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली.

राजीनाम्याची बातमी नानांनी बाहेर फुटू दिली नाही. ‘निकाल लागू द्या, मग बघू,’ म्हणाले. तोच त्याग लोकांना दिसायला हवा होता ना, असं मी सरांना विचारलं. त्यांना सभेला उशीर होत होता.

सरांचा प्रचार म्हणजे शाळाच. पारावर फळा टांगायचा, त्यावर पाटचारीचा आणि रस्त्याचा नकाशा काढायचा आणि पटवून सांगायचं. शेवटी हातांवरचा खडू झटकून विचारायचे, ‘समजलं?’ समोरचे मिशाळ बाप्ये, एके काळी याच सरांच्या छड्या खाल्लेले, एका सुरात म्हणायचे, ‘हो सर.’ मग पाया पडायला रांग लागायची. सर जीपमध्ये बसताना म्हणायचे, ‘हे गाव आपलं झालं.’

मी दोन-तीनदा बरोबर गेले, नजर ठेवायलाच म्हणा ना. ते ‘हो सर’ माझ्या ओळखीचं होतं. परसात कपडे वाळत घालताना वर्गातून येणारं ‘हो सर’ मी वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. काहीच समजलेलं नसलं की ते सगळ्यात मोठ्याने येतं. एवढं सरांना कसं कळत नव्हतं?

जीपच्या ड्रायव्हरवरही माझा डोळा होता. तो काही गावं चुकवायचा. विचारलं तर म्हणायचा, ‘अक्का, रस्ता खराब शे.’ त्याच रस्त्याने रोज एसटी जायची. उभ्या राहिलेल्यांतला एक नानांचा जुना दोस्त होता; जी गावं त्याच्या बाजूची, तेवढेच रस्ते खराब होते. म्हणजे सरांनी मतं खायची ती फक्त त्याच्या विरोधकाची. हेही मी सांगितलं. सर म्हणाले, ‘तुझ्या संशयातून ड्रायव्हरसुद्धा सुटत नाही का?’

एका गावात एक म्हातारी जीपपाशी आली. माझ्या ओटीत वालाच्या शेंगा टाकून तिने विचारलं, ‘सर परत शाळामा येतीन ना, माय?’ म्हणजे हरतील ना, असंच मी धरलं. तिरकं बोलतेय, म्हटलं. शेंगा घरी आणल्या, पण त्यांची भाजी काही केली नाही.

मोजणी जळगावला झाली. सर पडले. साधे पडले नाहीत, अनामत गेली. ज्या गावांत रांगा लावून लोक पाया पडले होते, त्याच गावांनी त्यांना ठेंगा दाखवला. नानांचा तो दोस्त निवडून आला. सर घरी आले, अंघोळ केली आणि बराच वेळ शेवग्याखाली उभे राहिले. मी म्हणणार होते की बघा, मी सांगत होते. त्यांची पाठ बघितली आणि आत जाऊन चहा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी नाना आले. खुर्चीत बसले नाहीत, दारातूनच बोलले. राजीनामा कमिटीने मंजूर केला होता, त्यांचा नाइलाज होता, नवी नेमणूकही करावी लागली होती. ‘वहिनी, घाई नाही. महिनाअखेरपर्यंत राहा.’ नानांचा गडी मागून एक मोठं पिंप घेऊन आला आणि त्याने ते आमच्या मोरीशेजारी ठेवलं. लेकीला पाणी साठवायला लागणार होतं. माझा प्रत्येक संशय खरा निघाला होता, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

मी भांडी पोत्यात भरायला काढली. त्याच संध्याकाळी चार-पाच जण आले. सगळे सरांचे जुने विद्यार्थी, आता शेती करणारे. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. पडलेल्याच्या घरी पेढे? मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आता हेही खिजवायला आले.

त्यांच्यातला थोरला सरांच्या पाया पडला आणि हसत म्हणाला, ‘सर, आज पद्मालयना गणपतीले जाई उनूत. नवस बोलेल व्हता आम्ही.’

‘कशाचा नवस रे?’

‘तुम्ही पडाना.’ तो जरा लाजला. ‘आम्ही बठ्ठास्नी ठरायेल व्हतं, सरले मत देवानं नही. आमदार काय, कोनी बी व्हई. पन तुम्ही मुंबईले निंघी ग्यात त आमना पोऱ्हेस्ले कोन शिकाडी?’

बाकीच्यांनी माना हलवल्या. गावागावांत असंच ठरलं होतं म्हणे. आपल्या सरांना शाळेत ठेवायचं, म्हणून त्यांना मतच द्यायचं नाही. आणि केवढी अवघड कामगिरी पार पाडल्यासारखे ते आमच्या दोन खोल्यांत खुशीने बसले होते. वालाच्या शेंगा देणारी म्हातारी मला आता समजली. मी नानांवर संशय घेतला, त्यांच्या लेकीवर घेतला, ड्रायव्हरवर घेतला. ही माणसं सरांवर जीव टाकतात, आणि त्या जिवापायीच आमचं घर जाईल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं रडू आलं, म्हणून मी पेढे वाटीत काढायच्या निमित्ताने आत गेले.

भांड्यांची पोती त्यांना दिसत होती. ‘काय अक्का, साफसफाई काढी का?’ एकाने विचारलं. मी मान हलवली. सर काही सांगतील म्हणून मी दाराआड थांबले. सरांनी पेढा तोंडात घातला, नारळ कपाळाला लावला, कोणाच्या घरी कोणतं पीक कसं आहे ते विचारलं. राजीनाम्याचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. बोलले असते तर त्या माणसांना आपण काय केलं ते कळलं असतं.

निघताना थोरला उंबऱ्यापाशी थांबला. ‘सर, जूनमा धाकलीले पाचवीमा घालस. तुमनाच हाताखाले घालनी शे. तुम्ही शेतस ना शाळामा?’

सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि ताठ उभं राहून मोठ्याने म्हणाले, ‘हो.’ वर्गातल्या पोरांचं तसलं ‘हो’ मी वर्षानुवर्षं परसातून ऐकत आले होते.